विजेची पेढी आणि तिचा बट्टा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ज्या वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तिच्याच वळणावर गावोगावी निघालेल्या मालांपैकी एकीच्या व्यासपीठावर उभे राहून पॉवर बँक या वीतभर वस्तूविषयी तासभर बोलावे, हे येथील कित्येक वडीलधाऱ्यांस औचित्यभंगाचे वाटेल. परंतु शनिवारी रात्री कसाऱ्याच्या गाडीतून उतरून कळसूबाईच्या किंवा रतनगडाच्या वाटेला लागणारी जी तरुण मंडळी मागच्या बाकांवर बसली आहेत, त्यांच्या सॅकमध्ये एक वेळ शिधा नसेल पण ही वस्तू खचित असते. आणि ती खरेदी करताना खोक्यावरच्या ठळक आकड्यापलीकडे त्यांपैकी फारच थोड्यांनी काही वाचलेले असते.

या वस्तूस 'बँक' हे नाव ज्याने दिले त्याला आपल्या जुन्या सराफी व्यवहाराची कल्पना असण्याचा संभव नाही, तथापि नाव मात्र त्याने नेमके दिले. पेशवाईत चांदवडी रुपया, अंकुशी रुपया असे नाना तऱ्हेचे चलन एकाच बाजारात फिरत असे, आणि एका नाण्याचे दुसरे करून देताना सराफ आपला बट्टा कापून घेत असे. या विजेच्या पेढीत हाच प्रकार घडतो. खोक्यावर छापलेले १०,००० एमएएच हे आतल्या लिथियम घटांच्या चलनात, म्हणजे सुमारे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने मांडलेले असतात; फोनला जाणारी वीज मात्र साधारणतः ५ व्होल्टची. ३.७ ने १०,००० ला गुणले म्हणजे ३७ वॅट-तास इतकी खरी ठेव निघते, आणि तीच ५ व्होल्टच्या चलनात मोजली की ७,४०० एमएएच उरतात. हा झाला केवळ नाण्यांचा फरक, यात कोणी कोणाला लुबाडलेले नाही. खरा बट्टा पुढे आहे. व्होल्ट चढविणारे मंडल स्वतःची काही वीज उष्णतेच्या रूपाने कापून घेते, आणि हाती येतात अदमासे ६,००० ते ६,५००. प्रामाणिक कारखानदार हा निव्वळ आकडा वस्तूच्या पाठीवर 'रेटेड कपॅसिटी' या शब्दांपुढे छापतो, पण इतक्या बारीक अक्षरांत की तो वाचण्यास चाळिशी लागावी. माझी पहिली विनंती एवढीच, की दुकानदाराच्या तोंडचा ढोबळ आकडा ऐकून घ्यावा आणि किंमत मात्र या निव्वळ आकड्याची करावी. तो आकडा छापलेलाच नसेल, अथवा भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाखाली 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल, तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी परत ठेवावी.

आता जमेची बाजू कळली. खर्चाची बाजू कोणी मांडतच नाही. हल्लीच्या फोनातील बॅटरी सामान्यतः ५,००० एमएएचची, म्हणजे १९ वॅट-तासांच्या आसपास असते. तिच्यात वीज भरतानाही थोडी गळती होतेच, म्हणून दहा हजारांची पेढी असा फोन सव्वा ते दीड वेळा भरते, लोक समजतात तसा दोन वेळा नव्हे. एका मुक्कामाच्या, किंबहुना दोन मुक्कामांच्या सह्याद्रीतील भटकंतीला ही शिबंदी पुरेशी आहे. वीस हजारांची घ्यावी ती चौघांनी मिळून. अन्यथा अर्ध्या किलोच्या घरात जाणारे ते ओझे अलंग-मदनच्या कातळावर आपल्याच पाठीवर असते हे विसरू नये. पेढी मोठी घेण्यापेक्षा उधळपट्टी आवरणे स्वस्त पडते. दरीत सिग्नल क्षीण झाला की फोन मनोऱ्यापर्यंत पोचण्यासाठी अधिकाधिक जोराने हाका मारू लागतो, आणि आपण निद्रिस्त असताना रात्रभर हाका मारून सकाळी स्वतःच गतप्राण होतो. विमानप्रवासासाठी केलेली 'फ्लाइट मोड'ची सोय सांदण दरीत याच कारणाने उपयोगी पडते. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर त्या स्थितीतही उपग्रहांवरून वाट दिसते. उजेडासाठी वेगळी विजेरी न्यावी, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

सौर पट्टी बसविलेल्या पॉवर बँकांविषयी मला नेहमी विचारले जाते. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट शक्ती उतरते. तळहाताहून थोडी मोठी, समजा १४ सेंटिमीटर बाय ७ सेंटिमीटरची पट्टी घेतली तर तिच्या वाट्याला जेमतेम १० वॅट येतात, आणि त्यातला पाचवा हिस्सा ती विजेत रूपांतरित करते, म्हणजे २ वॅट. ३७ वॅट-तासांची ठेव भरण्यास अशा उन्हाचे अठरा-वीस तास हवेत, आणि तेही पट्टी सूर्याकडे रोखून. ज्या ऋतूत आपली मंडळी गडांवर लोटतात त्या आषाढ-श्रावणात सूर्यनारायण स्वतःच रजेवर असतो. शिवाय उन्हात तापणे हे लिथियमच्या घटाचे आयुष्य घटविणारे. ही पट्टी म्हणजे शोभा होय.

माझा स्वतःचा एक फजितीचा प्रसंग सांगतो. पाचनईच्या वाटेने मी हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. सॅकमध्ये भरलेली पेढी होती, आणि त्या भरवशावर पहिल्याच दिवशी कोकणकड्याची छायाचित्रे मी सढळ हाताने काढली. संध्याकाळी फोन जोडला तर काहीच होईना. तारेचे टोक आतून तुटले होते. तुडुंब तिजोरी आणि हरवलेली किल्ली! तेव्हापासून आखूड, जाड अशा दोन केबली मी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पेढीचे छिद्र आणि फोनचे छिद्र एकाच जातीचे, म्हणजे सी प्रकारचे असेल तर फारच उत्तम, कारण मग सोबत्याची केबलही चालते. आणखी एक बारकावा: डोक्यावरचा दिवा किंवा मनगटावरचे घड्याळ इतकी अल्प वीज ओढते की काही पेढ्या गिऱ्हाईक उठून गेले असे समजून दार लावून घेतात. अशी उपकरणे नेणाराने मंद प्रवाहाची सोय आहे ना, हे घरीच तपासून पाहावे.

हिमालयात जाणारांसाठी दोन शब्द. थंडीत घटातील रासायनिक क्रिया मंदावते, आणि भरलेली पेढीही पहाटे रिकामी भासते. म्हणून रात्री तिला झोपण्याच्या पिशवीत आपल्याजवळ घ्यावे. शून्य अंशाखाली मात्र तिच्यात वीज भरू नये, त्याने घटास कायमची इजा होते. विमानात ती सामानाच्या डब्यात चालत नाही, हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते. १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, म्हणजे वीस हजारांची, जी ७४ वॅट-तासांची ठरते, निर्वेध जाते.

शेवटी, म्हाताऱ्या पेढीविषयी. भर दिवसा पेढीवर दिवा लावून सावकार आपली नादारी जाहीर करी, त्या चालीवरून 'दिवाळे' हा शब्द आला असे सांगतात. या पेढीचे दिवाळे निघू लागले की तिचे पोट फुगते, आणि मग जो दिवा लागतो तो खरोखरीचा असतो. फुगलेली पेढी वापरू नये, तिला टाचणी लावू नये, आणि गडावरच्या चुलीत किंवा कचऱ्यात तर मुळीच टाकू नये. ती खाली आणून ई-कचरा घेणाराच्या स्वाधीन करावी. माझी तशी एक गेले दोन आठवडे घराच्या बाल्कनीत वाळूच्या कुंडीत बसलेली आहे, आणि उद्या सकाळी तिला पोचती करण्याचे मी घरी कबूल केले आहे.