आपल्या शाळेची जाहिरात कोण करणार?

आम्ही बोईसरजवळच्या एका पाड्यातल्या बचत गटाच्या अकरा जणी. आज हप्त्यांचे बोलणार नाही, मसाल्याच्या ऑर्डरचेही नाही. आज आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल बोलायचे आहे.

मार्च उजाडला की बोईसर स्टेशनपासून तारापूर एमआयडीसीपर्यंत खांबाखांबावर शाळांचे फ्लेक्स लागतात. टाय लावलेली मुले, संगणक, खाली मोठ्या अक्षरात ‘प्रवेश सुरू’. त्यात आपल्या शाळेचा फ्लेक्स सहसा नसतो. मग नव्याने चाळीत राहायला आलेल्या बाईला वाटते, इथे सरकारी शाळा नसेलच, किंवा असली तरी चांगली नसेल.

यात आपले काय जाते? ऐका. शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालचा. त्यात पहिली ते पाचवीसाठी हिशेब दिला आहे: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, पुढे १२० पर्यंत चार. म्हणजे पट घटला की शिक्षक घटतो. शिक्षक घटला की एकाच बाईंना दोन-तीन वर्ग सांभाळावे लागतात. ते पाहून आणखी चार घरे मुले काढतात. २०२३ साली तर वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार राज्यात पुढे आला होता. पाड्यातली शाळा लांब गेली तर सात वर्षांच्या पोरीने हमरस्ता ओलांडून कसे जायचे? आधी तीच घरी बसते.

आमच्या शाळेचा पट असाच उतरत होता. मुख्याध्यापक सर पालकसभेत म्हणाले, “तुम्हीच काहीतरी करा.” आम्हाला वाटले, सोपे आहे. आम्ही वर्गणी काढली, खासगी शाळेसारखाच फ्लेक्स केला आणि नाक्यावर लावला. महिनाभर तो वाऱ्यावर फडफडला. त्याच्याकडे पाहून एकही पालक शाळेत आला नाही.

मग जोडीजोडीने चाळींत फिरलो. कंपनीची दुपारची पाळी सुटायची वेळ टाळून, बाया नळावर असतात त्या वेळी गेलो. तिथे आमची चांगलीच परीक्षा झाली. एक म्हणाली, “शाळेच्या संडासला पाणी नसते, माझी मुलगी दिवसभर लघवी दाबून धरते.” दुसरी म्हणाली, “इंग्रजी शिकवतात का?” तिसरीने हसत विचारले, “ताई, तुमची स्वतःची पोरे कुठे जातात?”

आम्ही एकमेकींकडे पाहिले. अकरा जणींपैकी चौघींची मुले व्हॅनने खासगी शाळेत जात होती.

त्या संध्याकाळी गटाच्या बैठकीत बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी आमच्यातल्या एका निवृत्त बालवाडीताईंनी आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट काढली. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि त्यांनी लहान मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतली मुले शाळेत येईनात. ताराबाईंनी त्यांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. आज देशभर हाच शब्द चालतो. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ साली आली, पण शब्द आपल्या डहाणू तालुक्यातला आहे.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरे राखायची, म्हणून गुरे चरतात तिथेच कुरणशाळा भरवली. मुली धाकट्या भावंडांना सांभाळत घरी राहायच्या, म्हणून शाळेशेजारी पाळणाघर आणि बालवाडी ठेवली. मूल का येत नाही हे आधी पाहिले आणि ती अडचण दूर केली. बालवाडीताई म्हणाल्या, “यापेक्षा मोठी जाहिरात कोणती?”

आम्हाला ते पटले. फ्लेक्स उतरवला. चाळींतून आलेले प्रश्न वहीत लिहिले आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवले. मैत्रिणींनो, या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत आणि निम्म्या जागा बायकांच्या. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी हा कायद्यातला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. आम्ही अर्ज दिला, ग्रामपंचायतीत तीन खेपा घातल्या, ग्रामसभेत उभे राहून विचारले. पाणी यायला पावसाळा उजाडला, पण आले.

त्यानंतर पुन्हा चाळीत गेलो. या वेळी सांगण्यासारखे हातात होते. संडासच्या नळाला पाणी आहे, येऊन बघा. इंग्रजी विषय महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच शिकवतात, हे तर आमच्यातल्याच निम्म्या जणींना ठाऊक नव्हते. पुस्तके आणि दुपारचे जेवण फुकट आहे. जे नव्हते तेही सांगितले: संगणक एकच आहे, आणि एका वर्गाला शिक्षक अजून मिळायचा आहे. खोटे बोलून मूल आणले तर ते दिवाळीपर्यंत परत जाते आणि आपला शब्दही घेऊन जाते.

शनिवारी आयांना शाळेत बोलावले. भाषण ठेवले नाही. तिसरीच्या मुलांनी त्यांच्यासमोर वाचून दाखवले आणि वजाबाकी करून दाखवली. उत्तर प्रदेशातून आलेली एक भाभी तिच्याच चाळीतल्या मुलाला मराठी धडा वाचताना ऐकत राहिली. जूनमध्ये तिचा मुलगा पहिलीत आला.

त्या जूनमध्ये नऊ मुले नवी आली. आमच्या चौघींपैकी दोघींनी आपली मुले इकडे आणली. दोघींनी नाही आणली. त्यांना आम्ही बोल लावत नाही. पोराचे बरे व्हावे म्हणूनच आई पैसे मोडते. पण त्या दोघीही आता पालकसभेला येतात, कारण पाड्यातली शाळा टिकावी असे त्यांनाही वाटते.

तुमच्या गटाला हे करायचे असेल तर मार्चमध्येच सुरुवात करा. अंगणवाडीताईंकडून यंदा सहा वर्षांची होणारी मुले कोणती ते समजून घ्या आणि त्या घरी जा. आधी ऐका, मग सांगा. दोन गोष्टी मात्र नक्की सांगा. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेला मूल परत पाठवता येत नाही. आणि प्रवेशाची तारीख उलटली तरी प्रवेश मिळतो. जव्हार-मोखाड्याकडून वीटभट्टीवर आलेल्या, किंवा कंपनीच्या कामासाठी मध्येच खोली बदलणाऱ्या घरांना हे कोणी सांगितलेले नसते. त्यांची मुले भट्टीवर आणि चाळीच्या बोळात दिवस काढतात. त्यांच्यापर्यंत फ्लेक्स पोचत नाही. आपण पोचतो.

हळदीकुंकवात, नळावर, रेशनच्या रांगेत आपण शाळेबद्दल बोलतोच. बहुतेक वेळा नावे ठेवतो. नावे ठेवायला हरकत नाही, पण तेच समितीच्या बैठकीतही बोला. आणि जे चांगले आहे तेही तितक्याच मोठ्याने बोला. येत्या पालकसभेला एकटी जाऊ नका, शेजारणीला हाक मारून घेऊन जा.