वर्षाच्या बाळासोबत सिंगापूर

तान्ह्या बाळाला घेऊन परदेशी शहर पाहायचं असेल, तर पहिल्या प्रवासासाठी सिंगापूर सोयीचं आहे. मुंबईहून विमानाला साधारण साडेपाच तास लागतात आणि घड्याळ अडीच तासच पुढे असतं, त्यामुळे बाळाची झोप फारशी बिघडत नाही. मात्र बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, हे लक्षात ठेवा. विमान चढता-उतरताना बाळाला दूध पाजा; गिळण्यामुळे कानांतला दाब कमी होतो.

तिथल्या मेट्रोत बाबागाडी उघडी ठेवूनच नेता येते, स्थानकांवर लिफ्ट आहेत. मात्र मेट्रोत खाण्यापिण्याला बंदी आहे, म्हणून बाळाचं खाणं आधीच उरकून घ्या. नळाचं पाणी पिण्यायोग्य असलं, तरी ते उकळून गार करूनच बाळाला द्यावं.

हवा बारा महिने दमट असते. म्हणून सकाळी लवकर वनस्पती उद्यानात जा. २०१५ पासून जागतिक वारसा असलेल्या या उद्यानाला प्रवेशशुल्क नाही. दुपारी खोलीवर परतून बाळाला निजवा. दिवसाला एकच ठिकाण ठरवा. बाळाची भूक आणि झोप सांभाळली, की सहल सर्वांनाच सुखाची होते.