बैठकीची अदा

वडूजकडे जत्रा म्हटली की तमाशाचा फड आलाच! ढोलकी कडाडते, घुंगरू बोलतात, शिट्ट्या पडतात. पण नाचाचा खरा शौकीन पायांइतकंच डोळ्यांकडेही बघतो. त्याच्या लेखी आपल्याच जिल्ह्यातल्या यमुनाबाई वाईकरांना तोड नाही.

त्यांची खासियत बैठकीची लावणी. यात कलावंत बसूनच अदा करते. तीच ओळ पुन्हा पुन्हा गाते, पण दर खेपेला भाव निराळा. कधी भुवई चढवून रुसवा, कधी पदराआडून आर्जव. गिरक्यांना इथे वावच नाही. म्हणून माझ्या मते, फडावरच्या उभ्या लावणीपेक्षा हे अवघड.

यमुनाबाईंना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. शंभरी ओलांडून २०१८ मध्ये त्या गेल्या. आता लावणी बघाल, तेव्हा बदलत्या भावालाही दाद द्या, मंडळी!