माशांआधी पाणी



शाळेत मत्स्यपेटी ठेवावी, असे आपणांपैकी अनेकांना वाटत असते. पेटी येते, मुले हरखून जातात आणि आठ-दहा दिवसांत एकेक मासा पाण्यावर उलटा तरंगू लागतो. मग दोष दुकानदाराला किंवा एखाद्या खोडकर मुलाला दिला जातो. बहुतेक वेळा खरा दोष घाईचा असतो. म्हणून आज माशांपेक्षा पाण्याविषयीच अधिक बोलावे, असे योजिले आहे.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. काही सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशाला विषच. तिसरा पुष्कळ सौम्य. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास असे जंतू मातीतून वेगळे करून दाखविले. नव्या पेटीत त्यांची वस्ती नसते आणि ती जमण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटी शाळेस पुरे. तीत सुमारे ५० लिटर पाणी राहते, तेव्हा मेज भक्कम हवे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जंतूंनाही मारतो. ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे. तळाशी धुतलेली वाळू आणि हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी बसवावी. मग मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ओळखीच्या जुन्या पेटीतील वापरलेला स्पंज मिळाल्यास फारच उत्तम. दुधाला विरजण लावावे, तसे ते काम करते. तपासणीचे थेंब बाजारात मिळतात. मुलांनी दर दोन दिवसांनी आकडे वहीत मांडावेत : अमोनिया चढतो, उतरतो, मागोमाग नायट्राइट चढते, उतरते. दोन्ही शून्यावर आली की अर्धे पाणी बदलून चार-पाच मासेच सोडावेत.

आपल्या चाकण भागातील विहिरी-कूपनलिकांचे पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असते. अशा पाण्यात आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत अमोनिया अधिक जहाल होतो, हे ध्यानात असू द्यावे. गप्पी माशांना मात्र असे पाणी मानवते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते हेच मासे पाळते. त्यांचे मूळ दक्षिण अमेरिकेकडील. १८६६ साली त्रिनिदादहून नमुने पाठविणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून हे नाव पडले. परके असल्याने ते इंद्रायणीत किंवा पवनेत कदापि सोडू नयेत.

दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. काढलेले परसबागेस घालावे, त्यातील नायट्रेट हे खतच. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळावा, नळाखाली नव्हे. वीज काही तास गेली, तर मधूनमधून पेल्याने पाणी उंचावरून ओतावे. माशांप्रमाणे त्या जंतूंनाही प्राणवायू लागतो.

आळंदीस इंद्रायणीवर फेस आलेला मुलांनी पाहिलेला असतो. मैलापाण्यातही अमोनिया असतो. चिखली, कासारवाडी येथील मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांत पाण्यात हवा खेळवून सूक्ष्मजीवांकडूनच काम करून घेतले जाते. वहीत सहा आठवडे आकडे मांडलेल्या मुलाला, न शुद्ध केलेले पाणी नदीत गेल्यावर मासे का मरतात, हे वेगळे शिकवावे लागत नाही. बिहारमधून वा सोलापूरकडून नुकत्याच आलेल्या कामगाराच्या मुलालाही, मराठी अजून अडखळत असली तरी, हे आकडे वाचता येतात.

मे महिन्याच्या सुट्टीचा प्रश्न हमखास विचारला जातो. शाळेजवळच्या एका घरी पेटीची जबाबदारी द्यावी. पण खाद्याचा डबा देऊ नये. एका दिवसाची एक अशा चिमटीच्या पुड्या बांधून द्याव्यात, नाहीतर महिन्याचे खाद्य प्रेमापोटी आठवड्यातच पेटीत पडते.