हाताला वळण लावणारा छंद : मोटारींच्या छोट्या प्रतिकृती

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



'छंद आणि शिक्षण' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीस साहेबांची आज्ञा झाली. मी आयुष्यभर चित्रकला आणि कार्यशाळा हे विषय शिकवले. विद्वत्तापूर्ण व्याख्यान देणे मला जमणार नाही. म्हणून एकाच छंदाविषयी बोलतो, आणि त्या निमित्ताने माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयीही. छंद आहे मोटारींच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती बनवण्याचा.

सन १९८४ मधली गोष्ट आहे. मी नववीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात एका टॅक्सीचालकाचा मुलगा होता. सहामाहीत गणितात नापास झालेला, मागच्या बाकावर बसणारा. एके दिवशी शिकवणे चालू असताना त्याचे लक्ष दप्तरात असल्याचे मला दिसले. दप्तर उघडले तर आत पुठ्ठ्याची अर्धवट मोटार! "परीक्षा तोंडावर आली आणि तू खेळणी घेऊन बसतोस?" असे म्हणून मी ती मोटार काढून घेतली, कपाटात ठेवून कुलूप लावले आणि वडिलांना घेऊन ये, असे फर्मावले. वर्ग हसला. मुलगा काही बोलला नाही. आपण आपले कर्तव्य केले, असेच मला त्या दिवशी वाटले.

चार दिवसांनी त्याचे अब्बा आले. अंगात खाकी गणवेश, टॅक्सी फाटकाबाहेर उभी. शिक्षककक्षात बसताच म्हणाले, "सर, मी ठरवलंय. नववी झाली की याला गॅरेजात लावतो. नापास होणाऱ्या पोराची फी भरून काय करू? घरात आणखी तिघं शिकणारी आहेत." मी मान डोलावली आणि तक्रारीचा पुरावा म्हणून ती मोटार टेबलावर ठेवली.

त्या गृहस्थांनी ती हातात घेतली. उलटी करून पाहिली, चाके फिरवून पाहिली. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग वडील मुलाला म्हणाले, "मीटर कुठं आहे? आपला मीटर बाहेर असतो ना, डाव्या हाताला?" मुलगा हळूच म्हणाला, "अब्बा, मीटरचं माप घ्यायचं राहिलं."

"माप?" मी विचारले. तेव्हा त्याने दप्तरातून एक वही काढली. मित्रहो, ती वही पाहून मला माझीच लाज वाटली. डाव्या बाजूला टॅक्सीच्या एकेका भागाचे खरे माप लिहिले होते, अम्मीच्या शिलाईच्या टेपने घेतलेले. उजव्या बाजूला त्याच मापाला चोवीसने भागून आलेले उत्तर. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर २३४ सेंटिमीटर, भागिले २४, उत्तर ९.७५. अशी साठाहून अधिक गणिते, तीही दशांशाची! ज्या मुलाने परीक्षेत भागाकार कोरे सोडले होते, त्याच मुलाची. एक उत्तर चुकले होते. टप बसेना म्हणून त्याने ते स्वतःच शोधून काढले होते आणि तिथे तांबड्या शाईने खूण केली होती. असे कोणते उत्तर माझ्या वर्गात त्याने कधी तपासले होते?

आता या छंदाचे शास्त्र थोडक्यात सांगतो. खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक आहे तो प्रमाणाचा. बाजारातल्या खेळण्याला चार चाके आणि रंग असला की भागते. प्रतिकृतीत मात्र दाराची कडी, आरसा, चाकाची वाटी, सगळे एकाच हिशेबाने लहान झालेले असते. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून बनवायच्या मोटारींत एकास चोवीस हे प्रमाण फार प्रचलित आहे, म्हणजे खऱ्या मोटारीच्या एका फुटाला अर्धा इंच. अमेरिकेतल्या अनेक कंपन्यांनी एकास पंचवीस हे प्रमाण धरले. धातूच्या तयार छोट्या मोटारींत एकास त्रेचाळीस हे प्रमाण रूढ झाले. त्याचे मूळ ब्रिटनमधल्या खेळातल्या आगगाड्यांत आहे. तिथे एका फुटाला सात मिलिमीटर धरीत.

यात एक गंमत आहे, ती विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. लांबी चोवीस पटीने कमी झाली की पृष्ठभाग चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे ५७६ पटीने कमी होतो आणि घनफळ १३,८२४ पटीने. समजा खरी मोटार ९०० किलो वजनाची आहे. तेच साहित्य वापरून तिची तंतोतंत प्रतिकृती केली तर वजन भरेल जेमतेम ६५ ग्रॅम! रंगाचेही तसेच. प्रतिकृतीवर दशांश मिलिमीटर जाडीचा थर बसला तर तो खऱ्या मोटारीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यासारखा दिसतो आणि दारांच्या फटी बुजून जातात. म्हणून जाणकार माणूस पातळ रंगाचे दोन-तीन हात देतो, प्रत्येक हात पूर्ण वाळू देतो आणि मध्ये ओला वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवतो. घाई करणाऱ्याला हा छंद लगेच उघडा पाडतो.

हा छंद परदेशात कसा वाढला, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत एएमटी नावाच्या कंपनीने १९४८ च्या सुमारास मोटारविक्रेत्यांसाठी नव्या मोटारींच्या छोट्या प्रतिकृती बनवायला सुरुवात केली. पुढे १९५८ साली त्यांनी सुट्या भागांचे असे संच काढले की एकाच डब्यातल्या भागांतून मोटार तीन प्रकारे जोडता येई : कारखान्यातून निघते तशी, शर्यतीची, किंवा स्वतःच्या मनाप्रमाणे बदल केलेली. त्या काळी तिकडचे तरुण जुन्या फोर्ड गाड्या घेऊन टप खाली आणीत, बंपर बदलीत, इंजिन उघडे ठेवीत. ज्या मुलाला खरी गाडी परवडत नसे, तो हे सारे टेबलावर करून पाहू लागला.

जपानमध्ये शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाचा व्यवसाय म्हणून सुरू झाली. पुढे ती लाकडी आणि मग प्लास्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली. होंडाच्या शर्यतीच्या मोटारीची त्यांची प्रतिकृती १९६७ साली निघाली. या कंपनीचे प्रमुख राहिलेले शुन्साकू तामिया यांनी पोर्शच्या एका प्रतिकृतीसाठी खरी पोर्श विकत घेतली आणि आतली रचना समजावी म्हणून ती खोलून काढली. पुन्हा जोडायला मात्र जाणकार मेकॅनिकांची मदत घ्यावी लागली. अभ्यास म्हणतात तो याला!

पण पालकांनी लक्ष द्यावे अशी हकिकत आहे फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्डची. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० साली किशोरवयीन मुलांसाठी ही स्पर्धा सुरू केली. प्रारंभी नेपोलियनच्या काळातल्या शाही बग्गीची प्रतिकृती करायची असे. पुढे मुलांनी स्वतःच्या कल्पनेतल्या मोटारीचा नमुना बनवावा, असा विभाग सुरू झाला. बक्षीस काय होते? विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती! १९४७ साली चार्ल्स जॉर्डन नावाचा तरुण या स्पर्धेत पहिला आला. तोच पुढे १९८६ ते १९९२ या काळात जनरल मोटर्सच्या आरेखन विभागाचा प्रमुख होता. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. तिच्यात एक मोठी उणीव होती : तिचे दार फक्त मुलांसाठी उघडे होते. ती चूक आपण करू नये. सुईत दोरा ओवणारा आणि नक्षीचा टाका मोजून घालणारा हात या कामाला किती योग्य आहे, हे आपल्या घरातल्या मुली सहज दाखवून देतील.

आता कुणी म्हणेल, "सर, परदेशी संच महाग, आमच्याकडे कुठले?" खरे आहे. पण त्या मुलाकडे काय होते? टप आणि दारांसाठी वह्यांचे पुठ्ठे. काचांसाठी जुनी एक्स-रे फिल्म, वरचा काळा थर पाण्यात भिजवून खरवडून काढलेली. टायरसाठी झिजलेल्या हवाई चपलेचे रबर. बंपरला टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा पत्रा. स्टिअरिंगला लागून असलेल्या गिअरच्या दांड्यासाठी तांब्याची तार आणि खाचा भरायला पेंटरकडून मागून आणलेली चिमूटभर लांबी. हत्यारे म्हणाल तर फूटपट्टी, गुण्या, कात्री, बारीक कानस आणि ब्लेड. आजही एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पहिली मोटार साधी निवडावी. शक्यतो जी उभी राहून मोजता येते, तीच. आधी कागदावर चारही बाजूंचे चित्र मापात काढावे आणि मगच कापायला घ्यावे. दोन पथ्ये मात्र सांभाळावीत. ब्लेड नेहमी आपल्या अंगापासून बाहेरच्या दिशेला चालवावे. रंग आणि थिनरचे काम खिडकी उघडी ठेवून, शेगडीपासून दूर आणि मोठ्या माणसाच्या देखत करावे.

छंदाला वेळेची मर्यादा हवी, हेही मी मान्य करतो. अभ्यास बाजूला ठेवून रात्र-रात्र रंग लावीत बसा, असे माझे सांगणे नाही. पण मूल तासन्‌तास एका जागी बसून काही घडवीत असेल, तर ते हिसकावून घेण्यापूर्वी आपण त्याच्याजवळ दोन मिनिटे बसावे आणि "हे कसे केलेस?" असे विचारावे. मी ते विचारले नव्हते. विचारले ते एका टॅक्सीचालकाने, तेही मीटरचे निमित्त करून.

त्या दिवशी मी त्यांना विनंती केली, "भाईजान, याला शाळेतून काढू नका. गणिताची जबाबदारी माझी." ते थोडा वेळ विचार करीत राहिले आणि म्हणाले, "बरं सर. दहावीपर्यंत ठेवतो. पुढचं पुढं पाहू." मी कपाटाची चावी पुन्हा त्या मोटारीसाठी वापरली नाही. गुणोत्तर आणि प्रमाण, क्षेत्रफळ, घनफळ, सगळे आम्ही त्या टॅक्सीवरच शिकलो. मुलगा बोर्डात वगैरे आला नाही. दहावीला गणितात त्याला ५१ गुण मिळाले. पुढे आय.टी.आय.मधून तो टूल अँड डाय मेकर झाला. ज्या कामात केसाएवढी चूक चालत नाही, त्या कामावर त्याने आपले घर उभे केले आणि धाकट्या भावंडांची शिक्षणेही केली.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ती प्रीमियर पद्मिनी आता मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून धावत नाही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिची सेवा संपली. ती बातमी आली त्या आठवड्यात तो मुलगा, आता पन्नाशी ओलांडलेला, माझ्या घरी आला. हातात बुटांचे खोके होते. आत तीच सोळा सेंटिमीटरची काळी-पिवळी टॅक्सी. पिवळा रंग जरा उडालेला. डाव्या बाजूला, बाहेर, मीटर बसवलेला होता. मी नीट पाहिले : कोटाचे काळे बटण आणि त्यावर काड्यापेटीच्या काडीचा तुकडा. "हा अब्बांनी केला होता," तो म्हणाला, "त्याच रात्री. माप जरा मोठं आहे, पण मी बदललं नाही." त्याचे अब्बा आता हयात नाहीत.

पालकहो, मुलाच्या गुणपत्रिकेवर आपण सही करतो, तशी त्याच्या वहीच्या मागच्या पानांवरही एकदा नजर टाकत जा. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही जे काही बनवाल ते मापात बनवा, चुकले तर तांबड्या शाईने खूण करा आणि पुन्हा करा. संस्थेला माझी एक नम्र सूचना आहे. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात मुला-मुलींनी स्वतः मोजून, स्वतः बनवलेल्या प्रतिकृतींसाठी एक टेबल राखून ठेवावे. पहिल्या बक्षिसाचा खर्च मी माझ्या पेन्शनमधून देईन. बक्षीस म्हणून वह्या-पुस्तके द्यावीत आणि जोडीला एक चांगली पोलादी फूटपट्टी.