आजोबांची गरवायची पेटी

(आपल्या १९७८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचे दिवस' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. निवृत्तीनंतर मी साखर सांभाळतो आणि नातीला शाळेत सोडतो. विषय संपला. उरलेली नऊ मिनिटं मी त्या मागच्या टेबलावर ठेवलेल्या पेटीवर खर्च करणार आहे.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या घराच्या वाटण्या झाल्या. हंडा, घंगाळ, शिसवी पलंग, सगळ्यांना धनी मिळाला. माळ्यावरची ही पेटी तेवढी उरली. उघडली की अजून मासळीचा वास येतो, म्हणून ती कुणालाच नको होती. मी थोरल्याचा थोरला, म्हणून माझ्या गळ्यात पडली.

माझे आजोबा दाभोळच्या खाडीवर तर चालवायचे. इथल्या पलीकडच्या वाड्यांतल्या पुष्कळांनी ते पाहिलेले आहेत. पावसात दप्तरं होडीच्या मधोमध ठेवायला लावणारे, ते. तरीचं काम आटोपलं की ते पाग नाहीतर गरी घेऊन खडपावर जायचे. आमच्या घरात मासळी विकत आणल्याचं मला आठवत नाही.

तर पेटी उघडली. आत लहानमोठ्या अकरा वस्तू होत्या आणि मला त्यातल्या तीन ओळखता आल्या. चौतीस वर्षं बँकेत लोकांच्या दागिन्यांची वर्णनं लिहून घेतली, पण आजोबांच्या हातातल्या वस्तूंची नावं येईनात. तेव्हा मला आपले जीवशास्त्राचे सर आठवले. प्रयोगाच्या परीक्षेत नमुना ओळखता आला नाही की आपण कोरा कागद द्यायचो. सर म्हणायचे, "ओळखता येत नसेल तर मोजा, रंग लिहा, खुणा लिहा. नाव मागून येईल." सर, पन्नाशीनंतर का होईना, ऐकलं तुमचं. वही घेऊन मोजायला बसलो.

नावं सांगायला मात्र माणूस लागला. तो आपल्याच वर्गातला. नववीत त्यानं शाळा सोडली, म्हणून या मेळाव्याच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. मी त्याला ओढून आणलंय. तो शेवटच्या रांगेत बसलाय, आपली जुनीच जागा. नाव घेऊ नको अशी त्याची अट आहे.

तो आला, चहा नको म्हणाला, आणि आधी पाग उचलला. पाग म्हणजे घेरदार फेकजाळं. हवेत छत्रीसारखं उघडतं, काठाला शिसं असतं, म्हणून कडेनं खाली बसत जातं. हा तपकिरी, कडकडीत. मी वहीत 'नायलॉन, जुनं' असं लिहिलं होतं. त्यानं एक तुटका धागा काढला आणि काडी लावली. धागा कागदासारखा जळला, राख झाली. "नायलॉन असता तर वितळून मणी झाला असता. हे सूत आहे." रंग ऐनाच्या सालीचा. साल उकळायची, त्या काढ्यात जाळं बुडवायचं, वाळवायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं, नाहीतर सुताचं जाळं कुजून जातं. नायलॉन आल्यावर हा खटाटोप संपला. मग त्यानं आसात बोटं घातली. दोन बोटं सैल बसली. "बोयटांचा पाग. कोळंबी यातून निघून जाईल." काठाचं शिसं विकतचं नव्हतं. पत्र्याच्या पट्ट्या कापून, दुमडून, ठोकून बसवलेल्या होत्या. एका ठिकाणी पट्टीऐवजी गंजलेला नट. तो बघून आम्ही दोघंही हसलो.

बांबूची चपटी सुई आणि तिच्याबरोबरची गुळगुळीत पट्टी मी वहीत 'कागद कापण्याची सुरी' म्हणून नोंदवली होती. ती जाळं विणायची सुई आणि आस सारखे पडावेत म्हणूनचं माप. हे ऐकल्यावर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला गणिताच्या बाईंची म्हणून चांगली ओळखीची आहे.

गळांची डबी मात्र मी एकट्यानं सोडवली, तेवढं श्रेय मला द्या. पुठ्ठ्याच्या डबीवर किल्लीचं चित्र, खाली मस्टॅड, ऑस्लो, नॉर्वे. ही कंपनी एकोणिसाव्या शतकापासूनची. पण ऑस्लो शहराचं नाव १९२५ पर्यंत क्रिस्तियानिया होतं. म्हणजे डबी त्यानंतरची. मित्र म्हणाला, "बरं झालं. आता यातला मोठा गळ कुठला ते सांग." मी सहा नंबर उचलला. तो चुकला. गळाचा आकडा वाढला की गळ लहान होतो, आणि एकच्या पुढे शून्याची भानगड सुरू झाली की उलट मोठा होत जातो. शिकलेल्या माणसाला फसवायची उत्तम सोय.

आता खरी गोष्ट. पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं एक काळं रीळ होतं. ते मला पाठ होतं. लहानपणी आम्ही नातवंडं त्याला 'साहेबाचं रीळ' म्हणायचो. आजोबांनी सांगितलेली हकिगत अशी, की कस्टमचा एक गोरा साहेब नेहमी त्यांच्या तरीतून जायचा. १९४७ साली मायदेशी जाताना त्यानं ते आजोबांना दिलं. आजोबा ते बांबूच्या काठीला सुतळीनं घट्ट बांधायचे आणि डाव्या हातानं फिरवायचे. आमच्या घरातली विलायती वस्तू तेवढी एकच.

वहीसाठी मी त्याच्यावरची अक्षरं उतरवून घेतली. मिशेल, ३००, आणि फ्रान्समध्ये बनवलेलं. मग शोध घेतला. आल्प्सच्या पायथ्याशी क्लूझ नावाचं गाव आहे, घड्याळाचे भाग बनवणाऱ्यांचं. तिथं हे रीळ व्हायचं. बाजारात आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर आणि ३०० हा आकडा त्याच्यावर पडू लागला तो पन्नाशीच्या दशकात. मूठ डावीकडेच असते. अशी लाखोंनी बनली, त्यामुळे किमतीला फारसं नाही. पण १९४७ साली निघालेला साहेब ते देऊन जाणं शक्य नव्हतं.

मी दोन दिवस अस्वस्थ होतो. आजोबा खोटं बोलणारे नव्हते. उतारूचा एक आणा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी परत करणारा माणूस. मित्र रीळ उलटसुलट करून म्हणाला, "अरे, हा माल आपल्या बाजारातला नव्हे. जहाजावरच्या माणसानं आणलेला आहे हा."

आमच्या घरात जहाजावरचा माणूस एकच. माझे धाकटे काका. तर त्यांनी चालवावी अशी आजोबांची इच्छा होती. ते न सांगता मुंबईला गेले आणि जहाजावर चढले. त्या दिवसापासून आजोबांनी त्यांचं नाव घरात काढू दिलं नाही. आजोबा १९८३ साली गेले. तोपर्यंत काका घराच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

मी भांडुपला फोन लावला. काका आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं. मी ओरडून विचारलं, "काका, तुम्ही आजोबांना कधी गरवायचं रीळ पाठवलं होतं का?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "एकसष्ट साली. मार्सेयला घेतलं होतं. गावातल्याच एका खलाशाबरोबर पाठवलं. काही निरोप आला नाही. मला वाटलं, खाडीत फेकलं असेल." आणि मग, "वापरलं का रे त्यांनी?"

मी रीळ मित्राच्या हातात दिलं आणि फोन त्याच्या कानाला लावला. तो या बाबतीत माझ्यासारखं गुळमुळीत बोलत नाही. त्यानं सांगितलं, "काका, मुठीवरचा रंग पार गेलाय. आणि तारेच्या कडीला तंगूस जिथून वळतो ना, तिथं पोलादाला खाच पडलीय. तंगुसानं पोलाद कापायला वर्षं लागतात. हे रोज वापरलंय."

काकांनी विचारलं, "खाच किती खोल आहे?"

"नख बसतं," तो म्हणाला.

माझ्या वडिलांना हे ठाऊक असणार. काकांची पत्रं त्यांच्या नावावर यायची. पण साहेबाची गोष्ट सांगितली जात असताना ते उठून ओटीवर जायचे, एवढंच मला आठवतं. त्याचा अर्थ मी तेव्हा लावला नव्हता. आजीला ठाऊक होतं का, हे आता कुणाला विचारणार?

गेल्या डिसेंबरात काका आले. दोघांनी धरून त्यांना खडपावर बसवलं. मित्रानं नवा तंगूस भरला होता, कोळंबीचा चारा लावला आणि रीळ काकांच्या हातात दिलं. दोन तासांत एक शेंगटी लागली, तीही वीतभर. काट्याला जपून आम्ही ती सोडून दिली. काका गरवत कमी होते. त्यांचा अंगठा सारखा त्या खाचेवरून फिरत होता. परत निघताना रीळ घेऊन जा म्हटलं, तर म्हणाले, "नको. ते त्यांचं आहे. पेटीतच ठेव."

तशी ती ठेवली आहे. जेवणानंतर बघायला या, सगळं हाताळा, पाग उघडून बघा. वहीही तिथेच आहे. सर, चुका लाल पेनानं दाखवल्यात तर बरं वाटेल. फक्त मस्टॅडच्या डबीत बोटं घालू नका. ते गळ अजून तीक्ष्ण आहेत, काल मीच टोचून घेतलंय.