आपली कागदपत्रं आपल्या घरात
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मोजणीचे नकाशे, आडत्याच्या हिशोबपट्ट्या, गारपिटीचे फोटो आपण मोबाईलवर काढतो आणि कंपनीच्या भांडारात ठेवतो. फुकट आहे म्हणून. गुगलने फोटोंसाठी दिलेली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद केली. आता १५ जीबी भरले की पैसे मोजा. कंपनीला शिव्या घालू नका, तो तिचा धंदा आहे. संकरित बियाणं आपण दरवर्षी विकत घेतोच. पण सरळ वाणाचं बी घरात असलं की दुकानदाराशी ताठ मानेनं बोलता येतं.

तसं बी इथेही आहे. अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी २०१० साली फ्रीडमबॉक्सची कल्पना मांडली. ते फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवर चालतं. लॅपटॉपच का? बॅटरी धड असेल तर वीज गेली तरी तो लगेच बंद पडत नाही. घरच्या वायफायवर आपल्या फाइली पाहायला इंटरनेटही लागत नाही.

घोडं अडतं ते बाहेरगावी. बऱ्याच मोबाईल कंपन्या इंटरनेटचा एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटतात, मग बाहेरून घर सापडत नाही. याला तोडगे आहेत, पण ते अजून जाणकार पोरांच्याच हातचे. हे सोपं करून द्या, ही आपली मागणी हवी.

तोवर घरापुरतं सुरू करा. दुसरी प्रत भावकीत कुणाकडे तरी ठेवा, डिस्क कधीही दगा देते. पुढच्या बैठकीला कोपऱ्यात पडलेला लॅपटॉप घेऊन या, बसवून देऊ. आतलं आधी उतरवून घ्या. बसवताना डिस्क पुसली जाते.